सुपरकंडक्टर लेव्हिटेशन किट: चकती एक नंबर, माहितीपत्रक टाकाऊ

ज्युनियर कॉलेजच्या लॅबसाठी ऑनलाइन मागवलं. बॉक्समध्ये वायबीसीओची (यट्रियम, बेरियम, तांबं आणि ऑक्सिजन यांचा सुपरकंडक्टर, म्हणजे खूप गार केला की वीज विनारोध वाहू देणारा पदार्थ) काळी चकती, छोटा गोल निओडिमियम मॅग्नेट, थर्माकोलची वाटी आणि प्लॅस्टिकचा चिमटा, बस. लिक्विड नायट्रोजन तुमचा तुम्ही बघायचा, आमच्याकडे जनावरांच्या दवाखान्यात कृत्रिम रेतनासाठी येतो म्हणून ओळखीने सोय झाली.

आता मेन मुद्दा. माहितीपत्रकात लिहिलंय की सुपरकंडक्टर चुंबकीय क्षेत्र बाहेर ढकलतो, माइसनर इफेक्ट, १९३३, म्हणून मॅग्नेट तरंगतो. अहो पण नुसतं ढकलणंच असतं तर तो बाजूला घसरून पडला नसता का? चकती गार करायच्या आधीच तिच्यावर पुठ्ठ्याचा तुकडा आणि त्यावर मॅग्नेट ठेवा, मग नायट्रोजन ओता, खदखद थांबली की पुठ्ठा हळूच ओढून घ्या. मॅग्नेट तिथेच अधांतरी! टिचकी मारली की जागच्या जागी गरगर फिरतो, बाजूला ढकलला की परत जागेवर, आणि वर उचलला तर चकती पण त्याच्यासोबत वर येते, थोडी तापली की टपकन पडते. कारण हा टाइप-२ जातीचा सुपरकंडक्टर, यात क्षेत्र बारीक बारीक भोवऱ्यांतून आत शिरतं आणि ते भोवरे मटेरियलमधल्या दोषांत अडकून बसतात. यातलं एक अक्षर पत्रकात नाही.

आणि खरी गंमत तर पुढेच आहे, याच चकतीतला पुरेसा ऑक्सिजन काढून घेतला तर सुपरकंडक्टिव्हिटी गायब, उरतो अँटीफेरोमॅग्नेटिक इन्सुलेटर, म्हणजे वीज वाहू न देणारा आणि आतले शेजारशेजारचे अणू-चुंबक उलटसुलट दिशांना असलेला पदार्थ. म्हणजे पोरांना आपण शिकवतो की चुंबकत्व सुपरकंडक्टिव्हिटीचं वैरी, आणि इथे दोघं एकाच घरात शेजारी शेजारी, उलट सुपरकंडक्टिव्हिटी ज्यांच्यामुळे येते त्या इलेक्ट्रॉनच्या जोड्या हे चुंबकत्वच जुळवतं असं बऱ्याच संशोधकांना वाटतं. १९८७ पासून लोक यामागे लागलेत, अजून एकमत नाही.

चकती ९२ केल्विनच्या आसपास सुपरकंडक्टर होते, नायट्रोजन ७७ चा, त्यामुळे डेमो निवांत चालतो. एक स्टार कापला तो पॅकिंगसाठी, सिलिका जेलची पुडीसुद्धा नाही, आणि या चकतीला ओल अजिबात सोसत नाही, दव जमतं ते लगेच पुसून, नीट वाळवून हवाबंद डब्यात ठेवा. गॉगल, हातमोजे वेगळे घ्या, खिडक्या उघड्या ठेवा, आणि नायट्रोजनच्या थर्मासचं झाकण घट्ट लावू नका.