जुहू चौपाटीला जायचंय? आधी तिथी बघा

जुहू आवडलं नाही म्हणणाऱ्यांपैकी बरेच जण चुकीच्या वेळी गेलेले असतात. इथली अर्धी मजा भरती-ओहोटीवर ठरते. कोकणपट्टीवरचा जुना हिशेब सोपा आहे: तिथीची पाऊणपट केली की भरतीची साधारण वेळ मिळते. अष्टमीला आठाचे पाऊणपट सहा, म्हणजे संध्याकाळी सहाला पाणी वर आणि चालायला वाळूची अरुंद पट्टी. पौर्णिमा-अमावास्येच्या आसपास भरती दुपारी बाराच्या सुमाराला येते आणि सूर्यास्ताला ओहोटी असते. मग लांबवर ओली, घट्ट वाळू उघडी पडते आणि मुलांना खेळायला हवी तेवढी जागा मिळते. पावसाळ्यात मात्र हाच बेत फसतो. उधाणाबरोबर नाल्यांतलं प्लास्टिक किनाऱ्यावर येतं आणि संध्याकाळी त्याचा पट्टा वाळूवर पसरलेला असतो. त्या दिवसांत पाण्यात उतरूच नये. ऑगस्ट-सप्टेंबरात घोटाभर पाण्यातही पाकट (शेपटीत विषारी काटा असलेला चपटा मासा) आणि जेलीफिश असतात. पाकटाचा काटा लागलाच तर पाय सोसवेल इतक्या गरम पाण्यात धरून थेट दवाखाना गाठावा.

खाण्याचे स्टॉल मुख्य प्रवेशाजवळच आहेत. भेळ आधी कालवून ठेवलेली असेल तर घेऊ नका. खाऱ्या, दमट हवेत कुरमुरे लगेच सादळतात, आणि त्यात चटणी मुरली की पाच मिनिटांत लगदा. कुरमुरे, शेव, बटाटा, कांदा समोर एकत्र करायला सांगा, चिंचेची आणि तिखट चटणी शेवटी, आणि वरून कैरी. कैरीच्या हंगामातली भेळ वेगळीच लागते. पावभाजीसाठी तव्याकडे नीट बघा. कडेला सारून ठेवलेली भाजी तासन्‌तास आटत राहते, तिला करपट वास येतो. मधोमध टोमॅटो-सिमला मिरची नव्याने रगडली जात असेल तिथेच थांबा. पाणीपुरी आणि गोळ्याच्या बाबतीत पाणी आणि बर्फ कुठला हे विचारा, उत्तर पटलं नाही तर सरळ कुल्फी घ्या. भाव ऑर्डर देण्याआधी विचारावा.

या गर्दीमागे जुनं जुहू शोधलं तर सापडतं. आज मुंबईची उपनगरं जिथे आहेत त्या साष्टी बेटाच्या किनाऱ्याजवळचं हे एके काळी वेगळं बेट होतं, ओहोटीला चालत पार करता येई. पुढे मुंबईतल्या धनिकांनी हवापालटासाठी इथे बंगले बांधले, जमशेटजी टाटांचाही त्यांत होता. 1928 मध्ये विमानतळ सुरू झाला आणि 15 ऑक्टोबर 1932 रोजी जेआरडी टाटा कराचीहून टपाल घेऊन इथेच उतरले. पावसाळ्यात धावपट्टीवर पाणी साचायचं, म्हणून ती टपालसेवा तेवढे महिने पुण्याहून चालायची! तिथून आजही हेलिकॉप्टर उडतात, आणि उंचीच्या मर्यादेमुळे आजूबाजूच्या इमारती ठेंगण्या राहिल्या. जुहूला अजून आकाश दिसतं याचं मोठं श्रेय त्या धावपट्टीला आहे. समुद्राचं तसं झालं नाही. 1962 मध्ये सन-एन-सँड आलं, मागोमाग इतर हॉटेलं आली आणि जुहू तारा रस्त्यावरून बऱ्याच ठिकाणी पाणी दिसेनासं झालं. किनारा सगळ्यांचा आहे, पण तिथे पोहोचायला मधल्या वाटा शोधाव्या लागतात, हे खटकतं. मुख्य प्रवेशापासून कुठल्याही बाजूला दहा-पंधरा मिनिटं चाललं की गर्दी विरळ होते.

यायला विलेपार्ले पश्चिमेहून रिक्षा बरी. रविवारी संध्याकाळी जुहू तारा रस्ता तुंबतो, तेव्हा थोडं आधी उतरून चालणंच शहाणपणाचं. नाटकाची आवड असेल तर 1978 पासून चालू असलेलं पृथ्वी थिएटर जवळच आहे. सुमारे दोनशे खुर्च्या, रंगमंच तीन बाजूंनी प्रेक्षकांत घुसलेला, त्यामुळे कुठूनही नटाचा चेहरा स्पष्ट दिसतो. प्रयोग सुरू झाल्यावर आत सोडत नाहीत, म्हणून चौपाटी आधी उरका आणि अर्धा तास हातात ठेवून निघा. सोमवारी प्रयोग नसतात.