खोक्यावर चाळीसपट, प्रत्यक्षात आठपट

मालवणच्या जेट्टीजवळ पर्यटनाच्या हंगामापुरत्या थाटलेल्या एका दुकानातून मी हातात धरून वापरायची छोटी दुर्बीण विकत घेतली. खोक्यावर ‘४०×६०’ असे ठळक छापलेले होते, म्हणजे विशालन चाळीसपट आणि पुढच्या भिंगाचा व्यास ६० मिलिमीटर. हिच्यातून शनीची कडी दिसतात, असे विक्रेता छातीठोकपणे सांगत होता. खात्री पटावी म्हणून त्याने ती समोरच्या सिंधुदुर्ग किल्ल्याच्या तटाकडे रोखायला लावली आणि तट जवळ आलेला दिसलाही. पण भर उन्हात मोठ्या, उजळ वस्तूवर कोणतीही स्वस्त दुर्बीण बरीच वाटते, हे असे विक्रेते पुरते ओळखून असतात.

पावसाळा सरल्यावर देवबागच्या किनाऱ्यावर, अमावास्येच्या काळोखात, खरा प्रकार उघड झाला. शनी साध्या ताऱ्यासारखाच ठिपका राहिला आणि गुरूभोवती जांभळट झालर पसरून त्याचे चंद्र तिच्यात हरवले. कृत्तिका मात्र नुसत्या डोळ्यांपेक्षा बऱ्या दिसल्या, हे मान्य करायला हवे.

दुसऱ्या दिवशी पुढच्या भिंगातून बॅटरीचा झोत टाकून आत पाहिले, तर मागे काळ्या प्लास्टिकची चकती बसवलेली होती आणि तिला जेमतेम २५ मिलिमीटरचे भोक होते. हलक्या भिंगाच्या कडेने प्रतिमा बिघडते, ती झाकण्याची ही युक्ती. पण तिच्यामुळे ६० मिलिमीटरच्या भिंगावर पडणाऱ्या प्रकाशाचा फक्त सहावा हिस्सा डोळ्यापर्यंत पोहोचतो. मग दुर्बीण सूर्यापासून दूर, मोकळ्या आकाशाकडे रोखून हातभर अंतरावर धरली. तेव्हा नेत्रिकेत, म्हणजे डोळा लावायच्या भिंगात, उजेडाचे जे गोल वर्तुळ दिसते, त्याचा व्यास म्हणजे भिंगाचा व्यास भागिले विशालन. खऱ्या ४०×६० दुर्बिणीत तो दीड मिलिमीटर असायला हवा. माझ्या पट्टीवर तो तीन भरला. भोकामुळे भिंगाचा कामी येणारा व्यास पंचवीसच, म्हणून विशालन पंचवीस भागिले तीन, म्हणजे आठपट. ही तपासणी दुकानात उभ्या उभ्या करता येते आणि तिला पट्टीखेरीज काही लागत नाही. तसेही दहापटीपलीकडचे विशालन हाताच्या कंपामुळे स्टँडशिवाय निरुपयोगी ठरते, त्यामुळे हातात धरायच्या दुर्बिणीवरचा ‘४०’ हा आकडाच संशयास्पद मानावा.

याहून गंभीर गोष्ट म्हणजे, ‘सूर्य पाहण्यासाठी’ म्हणून नेत्रिकेवर बसवायची एक काळी काच सोबत फुकट दिली होती. भिंगाने एकवटलेली उष्णता नेमकी तिथेच येत असल्याने अशी काच तडकू शकते आणि डोळा कायमचा जाऊ शकतो. ती मी मुलांच्या हाती पडण्याआधीच फोडून टाकली.

खोके उघडले असल्याने माल परत घेणार नाही, असे विक्रेत्याने सांगितले. त्याने दिलेल्या चिठ्ठीवर दुकानाचे नाव नव्हते, नुसती रक्कम होती. १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार करता येते, पण ती कोणाविरुद्ध करायची हे सांगायला नावपत्त्याचे बिल हाती असलेले बरे. तशीच खोकी मला नंतर गणपतीपुळ्याच्या वाटेवर दिसली. दुर्बीण तेवढीच होती, आकडा मात्र ‘१००×९०’ झाला होता.