‘घट्टच बसतो, पाना लावा’ म्हणत विकलेला खोटा ड्रेन व्हॉल्व्ह

गाडीचं ऑईल मी गेली सहा वर्षं घरीच बदलतो. दरवेळी इंजिनखालच्या ऑईलच्या टाकीचा, म्हणजे चेंबरचा, ड्रेन बोल्ट सोडवताना गरम ऑईल मनगटावर येतं, म्हणून त्या जागी छोटा व्हॉल्व्ह बसवावा असं बरेच दिवस मनात होतं. दांडी उचलून फिरवली की ऑईल धारेने खाली पडतं, पाना लागत नाही आणि चेंबरचे आटेही झिजत नाहीत. फक्त तो बोल्टपेक्षा खाली येतो, त्यामुळे गावाकडच्या रस्त्यांवर दगड लागण्याची भीती असते. ते मी मोजून पाहिलं होतं. फसलो ते मालात.

ऑनलाइन विक्रेत्याने स्वच्छ लिहिलं होतं: जपानमध्ये बनवलेला, अस्सल पितळ, जाडी १४ मिमी, आटे १.५ (म्हणजे दोन आट्यांमधलं अंतर १.५ मिमी). माझ्या गाडीचा बोल्ट नेमका तोच. १,१५० रुपये भरले आणि चार दिवसांत पिवळाधमक व्हॉल्व्ह हातात आला.

शनिवारी संध्याकाळी बसवायला घेतला. हाताने दीड फेरा गेला आणि अडकला. मी लगेच थांबलो आणि विक्रेत्याला फोन केला. तो म्हणाला, “साहेब, नवीन माल आहे, घट्टच बसतो. बिनधास्त पाना लावा.” रोज शंभर व्हॉल्व्ह विकणाऱ्या माणसाच्या खात्रीने बोलला. मी पाना लावला. व्हॉल्व्ह आत गेला. नवं ऑईल भरून दहा मिनिटं इंजिन चालू ठेवलं, खाली कागद धरला, तो कोरडा राहिला.

रविवारी आईला घेऊन साताऱ्याला निघालो. खंबाटकी घाट चढताना ऑईलचा लाल दिवा लुकलुकला. मी तिथेच कडेला घेऊन इंजिन बंद केलं, म्हणून इंजिन वाचलं. ऑईल मोजायच्या डिपस्टिकच्या टोकाला जेमतेम ओल होती. आई दीड तास उन्हात उभी होती आणि मला तिच्याकडे बघवत नव्हतं.

गाडी ओढून शिरवळला आणली. तिथल्या मेकॅनिकने व्हॉल्व्ह काढला तसा ॲल्युमिनियमचा कीस बाहेर आला. चेंबरचे आटे कापले गेले होते. मग त्याने डब्यातून एक जुना स्पार्क प्लग काढला आणि व्हॉल्व्हच्या आट्यांना आटे भिडवून उजेडात धरला. दोन्ही दातात दात बसले, मध्ये फट नाही. प्लगचे आटे १४ मिमीला १.२५ असतात. म्हणजे १.५ लिहून १.२५ चा माल पाठवला होता. नंतर त्याने कानस मारली. पिवळा मुलामा गेला आणि खाली राखाडी धातू निघाला, बहुधा जस्ताचं ओतकाम. लोहचुंबक लावून पाहिलं असतं तरी हे कळलं नसतं, कारण ना पितळ चुंबकाला चिकटतं ना जस्त.

चेंबर उतरवणं, कापल्या गेलेल्या आट्यांच्या जागी हेलिकॉईल (तारेचे नवे आटे) बसवणं, कीस धुऊन काढणं, नवं ऑईल, असे ४,७०० रुपये गेले. विक्रेत्याचं उत्तर एका ओळीचं होतं: “वापरलेला माल परत घेत नाही.” हे त्याने म्हणणं बेकायदा आहे. ई-कॉमर्सच्या २०२० च्या ग्राहक नियमांनुसार माल खोटा असेल किंवा जाहिरातीत सांगितल्यासारखा नसेल, तर विक्रेत्याला तो परत घ्यायला नकार देता येत नाही. मी १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली, सोबत जाहिरातीचा स्क्रीनशॉट, प्लगशेजारचा फोटो आणि कानशीची खूण जोडली. व्हॉल्व्हचे पैसे परत आले. दुरुस्तीचे आले नाहीत.

तुम्ही घेणार असाल तर कळकळीने सांगतो, जाहिरातीतला आकडा वाचून थांबू नका. गाडीचा जुना बोल्ट काढा आणि व्हॉल्व्हला आडवा भिडवून उजेडात बघा. बसवताना व्हॉल्व्ह शेवटच्या आट्यापर्यंत बोटांनीच गेला पाहिजे, पाना फक्त वायसर दाबायला. मध्येच अडला तर समोरचा काहीही सांगो, काढून घ्या.

मी परत साध्या बोल्टवर आलोय, दरवेळी नवा वायसर घालून. आणि तोच फोटो, तेच ‘अस्सल पितळ’, काल मला दुसऱ्या दुकानाच्या नावाखाली ९९९ रुपयांना दिसलं.