स्प्राइटचे रंग बदलण्यासाठी गिम्प आणि एसप्राइट : सात महिन्यांच्या वापरानंतर

गेल्या सात महिन्यांत मी चार मूळ आकृत्यांपासून एकतीस माणसे तयार केली. भाच्यासोबत एक छोटा संगणकीय खेळ बनवतो आहे. त्यात खेडेगावचा आठवडे बाजार आहे, आणि बाजार म्हटला की गर्दी हवीच. आम्हा दोघांनाही कोऱ्या कागदावर माणूस काढता येत नाही. त्यामुळे २०१२ सालच्या ‘लिबरेटेड पिक्सेल कप’ या उपक्रमातून सर्वांसाठी खुल्या झालेल्या आकृत्या घेतल्या आणि त्यांचे कपडे, केस व कातडीचे रंग बदलून ही गर्दी उभी केली. पहिले अडीच महिने हे काम गिम्प या चित्रे सुधारण्याच्या सॉफ्टवेअरमध्ये केले आणि त्यानंतर खास स्प्राइटसाठी, म्हणजे खेळातल्या अशा छोट्या हलत्या चित्रांसाठी, बनवलेले एसप्राइट विकत घेऊन त्यात.

कामाचा आवाका आधी सांगायला हवा, कारण त्याशिवाय पुढची तक्रार कळणार नाही. या आकृत्यांच्या एका शीटमध्ये, म्हणजे एका पात्राच्या सगळ्या हालचाली एकत्र मांडलेल्या चित्रात, ६४ बाय ६४ पिक्सेलच्या चौकटींचे १३ स्तंभ आणि २१ ओळी असतात, म्हणजे पूर्ण शीट ८३२ बाय १३४४ पिक्सेलची होते. सगळ्याच चौकटी भरलेल्या नसतात. चालण्याच्या ९, वार करण्याच्या ६, बाण सोडण्याच्या १३, अशा चारही दिशांच्या मिळून १७८ फ्रेम, म्हणजे हालचालीची एकेक चित्रे, भरतात. (आमच्या बाजारात कोणी बाण सोडत नाही, पण एकदा शीट हातात घेतली की अर्धी रंगवून सोडवत नाही.) भाजीवाल्याचा सदरा लालचा निळा करायचा म्हणजे तो १७८ ठिकाणी, एकही पिक्सेल न चुकता, एकसारखा निळा व्हायला हवा.

गिम्पमध्ये मी सुरुवातीला जे केले ते बहुतेक नवशिके करतात. रंगानुसार निवड करणारे साधन घेतले, सदऱ्यावर क्लिक केले आणि बादलीने नवा रंग ओतला. निकाल वाईट आला आणि त्याला कारण दोन सेटिंग होत्या. निवडीचा थ्रेशोल्ड, म्हणजे किती जवळचे रंग एकच मानायचे याचा आकडा, मुळात १५ असतो. छायाचित्रासाठी तो सोयीचा असला तरी स्प्राइटमध्ये सदऱ्याच्या दोन शेजारच्या छटा एकमेकींच्या इतक्या जवळ असतात की त्या एकाच निवडीत सापडतात आणि सदऱ्याच्या चुण्या सपाट होऊन जातात. दुसरी सेटिंग कडा मऊ करणाऱ्या अँटीअलायझिंगची. ती चालू राहिली तर सदरा आणि हात यांच्या सीमेवर जुन्या आणि नव्या रंगांच्या मधले, शीटमध्ये कधीही नसलेले रंग तयार होतात. थ्रेशोल्ड शून्यावर आणला, अँटीअलायझिंग आणि निवडीची कड विरळ करणारे फेदर बंद केले, ब्रशऐवजी पेन्सिल वापरली, तेव्हा गिम्प नीट वागू लागले. सॉफ्टवेअरचा दोष यात काही नाही. ते मुख्यतः छायाचित्रे डोळ्यांपुढे ठेवून घडले आहे, आणि स्प्राइटसाठी वापरताना त्याच्या अर्ध्या सोयी बंद कराव्या लागतात एवढेच.

त्यानंतर वेळ वाचवण्यासाठी सगळ्या छटा एकदम दुसऱ्या रंगाकडे फिरवणारा ह्यूचा स्लायडर हाती घेतला, आणि या सात महिन्यांतला सर्वांत उपयोगी धडा तिथे मिळाला. आमच्या एका पाटलाला लाल मुंडासे आहे, त्याच्या भावाला हळदी रंगाचे हवे होते. मुंडाशाची निवड करून स्लायडर पिवळ्याकडे नेला. उजेडाची बाजू छान पिवळी झाली. सावलीची बाजू मात्र शेवाळी दिसू लागली, जणू मुंडासे पावसाळाभर विहिरीच्या काठावर पडून होते. आकडेच पाहावेत. मुंडाशाची सर्वांत गडद छटा लाल ९०, हिरवा १५, निळा २० अशी होती. ह्यू फिरवल्यावर ती साधारण ९०, ७९, १५ झाली, आणि हा काही पिवळा नव्हे, हा शेवाळाचाच रंग. लाल रंग गडद केला तरी डोळ्यांना लालच वाटतो. पिवळा गडद केला की तो पिवळा राहत नाही. म्हणून पिवळ्याची सावली पिवळ्यात शोधायचीच नाही, ती नारिंगीकडे आणि तिथून विटकरीकडे न्यायची. मी ती छटा हाताने १४०, ७४, २० अशी ठेवली, मधल्या दोन छटा त्या अंदाजाने जुळवल्या, आणि मुंडासे उन्हात वाळत घातलेल्या सुती कापडासारखे दिसू लागले.

कातडीच्या रंगाबाबत स्लायडर याहूनही फसवा ठरला. गोऱ्या मूळ आकृतीला सावळी करण्यासाठी नुसता उजेड कमी केला, तर चेहऱ्यावर राख फासल्यासारखे दिसते आणि कातडीची सावली बाह्यरेषेच्या इतकी जवळ जाते की नाक व हनुवटी दिसेनाशी होतात. चेहराच मुळात जेमतेम वीसेक पिक्सेल रुंद. त्यात दोन छटा एकमेकींत मिसळल्या की हावभाव संपला. सावळ्या रंगाच्या सावलीत लालसरपणा वाढवावा लागतो आणि त्याबरोबर बाह्यरेषाही एक पायरी गडद करावी लागते, हे मला बऱ्याच फसलेल्या चेहऱ्यांनंतर समजले.

म्हणजे रंग एकेक करून हातानेच ठरवायचे, हे निश्चित झाले. प्रश्न उरला तो ठरवलेले रंग १७८ फ्रेममध्ये पोचवण्याचा. त्याचे उत्तर जुन्या यंत्रांनी केव्हाच दिलेले आहे. निन्टेंडोच्या १९८३ च्या फॅमिकॉममध्ये स्प्राइटच्या पिक्सेलमध्ये रंग साठवलेलाच नसे, फक्त क्रमांक असे. त्या क्रमांकाला कोणता रंग द्यायचा हे वेगळ्या पॅलेटमध्ये लिहिलेले असे, आणि अशा पॅलेट स्प्राइटसाठी चार, प्रत्येकीत पारदर्शक सोडून तीन रंग. १९८५ च्या ‘सुपर मारिओ ब्रदर्स’मध्ये लुइजी हा पॅलेट बदललेला मारिओच आहे, आणि ढग व झुडपे यांचा आकारही एकच आहे. सगळा खेळ ४० किलोबाइटमध्ये बसवायचा असताना दुसरा भाऊ नव्याने काढणे परवडणारे नव्हते. आमची अडचण जागेची नसून कष्टांची होती, पण उपाय तोच लागू पडतो.

हा उपाय गिम्पमध्येही आहे. प्रतिमा इंडेक्स्ड मोडमध्ये नेली की पिक्सेलमध्ये असेच क्रमांक राहतात, कलरमॅपची, म्हणजे रंगांच्या यादीची, चौकट उघडता येते आणि तिथला एक रंग बदलला की शीटभर तो बदलतो. हे कळल्यावरही मी एसप्राइट घेतले, याचे कारण सोयीत आहे. एसप्राइटमध्ये पॅलेट कायम डाव्या हाताला समोर असते, फ्रेमची पट्टी खाली असते, आणि रंग बदलता बदलता पात्र चालताना पाहता येते. स्थिर चित्रात शोभणारी सावली चालताना लुकलुकते की नाही, हे फक्त असेच कळते. शिवाय पॅलेट स्वतंत्र फाइल म्हणून जपून ठेवता येते. गिम्पची पॅलेट फाइल साध्या मजकुराची असते, एका ओळीत तीन आकडे आणि नाव. एसप्राइट ती थेट उघडते. आता माझ्याकडे ‘पाटील’, ‘धाकटा पाटील’, ‘कोथिंबीरवाली’ अशा एकतीस पॅलेट आहेत आणि मूळ शीट चारच. कमांड लाइनवरून, म्हणजे टाइप केलेल्या आज्ञेने, एसप्राइटला शीट आणि पॅलेट दिली की रंगवलेली शीट बाहेर पडते. एक छोटी स्क्रिप्ट लिहून मी चहा ठेवतो, आणि चहाला उकळी येण्याआधी एकतीस माणसे तयार असतात.

त्रास झालाच नाही असे नाही, मात्र तो बहुतेक माझ्याच घाईचा होता. कोथिंबीरवालीचे केस पिकवायला घेतले तर तिच्या चपलाही पांढऱ्या झाल्या, कारण मूळ चित्रकाराने केसांच्या सावलीसाठी आणि चपलांसाठी एकच तपकिरी वापरला होता. अशा वेळी पॅलेटमध्ये तोच तपकिरी दुसऱ्या क्रमांकावर पुन्हा ठेवावा लागतो आणि चपलांचे पिक्सेल त्या नव्या क्रमांकाने रंगवावे लागतात. हे काम सर्व फ्रेममध्ये हातानेच करावे लागले, त्याला एक अख्खा रविवार गेला. वर ती फाइल मी साध्या आरजीबी पीएनजीमध्ये जपून ठेवली. त्या स्वरूपात पिक्सेलचा क्रमांक राहत नाही, फक्त रंग राहतो, आणि दोन सारखे तपकिरी पुन्हा एक झाले. पुढचा रविवारही गेला. तेव्हापासून मूळ शीट एसप्राइटच्या स्वतःच्या स्वरूपातच ठेवतो.

शून्य क्रमांकाचेही असेच. इंडेक्स्ड मोडमध्ये तो मुळात पारदर्शक मानलेला असतो, त्यामुळे त्याने रंगवायला गेल्यास रंग लागत नाही, पुसला जातो. आणि पॅलेटचा क्रम एकदा ठरला की त्याला हात लावू नये. मी नीटनेटकेपणाच्या हौसेने मूळ शीटचे रंग उजळ ते गडद असे लावले, आणि जुन्या आठ पॅलेट एका क्षणात निकामी झाल्या. पाटलाचे मुंडासे कातडीच्या रंगाचे आणि कातडी धोतराच्या रंगाची झाली. भाचा मात्र पोट धरून हसला.

एका ओळखीच्या मुलाने स्वतः काढलेली म्हैस मोबाइलवरून पाठवली, ती वाटेत जेपीजी होऊन आली. गिम्पमधल्या रंगांच्या मोजदादीत तिच्यात हजारो रंग निघाले, मूळ चित्रात अकरा होते. अशी फाइल दुरुस्त करत बसू नये, मूळ पीएनजी पुन्हा मागवावी. या मोजदादीसाठी, आणि सगळे पात्र करड्या छटांमध्ये पाहून शेजारी उभी असलेली दोन माणसे वेगळी ओळखू येतात का हे तपासण्यासाठी, गिम्प अजूनही माझ्या संगणकावर आहे.

किमतीबद्दल. गिम्प पूर्णपणे मोफत आहे. एसप्राइटची मूळ किंमत १९.९९ डॉलर आहे, आणि चाचणीच्या आवृत्तीत काम साठवता येत नाही. त्याचा सोर्स कोड मात्र सर्वांना पाहायला खुला ठेवलेला आहे. त्यातून चालणारे सॉफ्टवेअर स्वतः तयार (कंपाइल) करून स्वतःपुरते वापरण्याची मुभा आहे, इतरांना वाटण्याची नाही. २०१६ मध्ये परवाना बदलण्यापूर्वीच्या मुक्त आवृत्तीवरून निघालेले लिबरस्प्राइट हे मोफत भावंडही आहे, आणि फक्त पॅलेट बदलायची असेल तर मी आधी तेच वापरून पाहायला सांगेन. दोन-चार पात्रांसाठी एसप्राइटवर पैसे घालू नयेत. गिम्पचा इंडेक्स्ड मोड पुरेसा आहे. पात्रे दहाच्या वर गेली आणि ती हलणारी असली, तर ते पैसे वसूल होतात; माझे पहिल्या महिन्यातच झाले.

रंग बदलल्याने चित्र आपले होत नाही, हेही या कामाचाच भाग आहे. आम्ही वापरलेल्या आकृत्या क्रिएटिव्ह कॉमन्सच्या ज्या परवान्याखाली आहेत, त्यात मूळ चित्रकारांची नावे देणे आणि बदललेली चित्रेही त्याच अटींवर खुली ठेवणे बंधनकारक आहे. त्यामुळे प्रत्येक पॅलेट फाइलमध्ये टिपणाची ओळ घालून मी मूळ शीट कोणाची हे लिहून ठेवतो. खेळाच्या शेवटी नावांची यादी जोडताना ती एकतीस टिपणे एकत्र करायची आहेत, आणि भाच्याने ते काम स्वतःकडे घेतले आहे.