ब्रूअरीसाठी बनवून घेतलेलं सिंक, 8 महिन्यांनंतर (ढाळ बघून घ्या रे बाबांनो)

काल रात्री साडेअकरा वाजता स्पंज घेऊन सिंकचा कोपरा टिपत उभा होतो, तेव्हाच ठरवलं की हे लिहायचं.

बाणेरला आमची छोटी ब्रूअरी आहे, नोव्हेंबरमध्ये भोसरीच्या एका फॅब्रिकेटरकडून दोन बाऊलचं सिंक बनवून घेतलं. 304 ग्रेडचं स्टेनलेस स्टील, 16 गेज जाडीचा पत्रा, प्रत्येक बाऊल 30 बाय 24, खोली 14 इंच, म्हणजे 19 लिटरचा केग (बिअरचं स्टीलचं पिंप) आरामात आडवा झोपतो. 26 हजार अधिक 18 टक्के जीएसटी, एकूण 30,680. रेडीमेडवाल्याने 42 हजार सांगितले होते, त्यामुळे खिसा खूश. तीन बाऊलला जागाच नव्हती, सॅनिटायझर आम्ही टबमध्येच करतो.

मजबुतीला नाव ठेवणार नाही. गरम कॉस्टिक, भरलेले केग, फरमेंटरचे व्हॉल्व्ह, सगळं आदळून झालं, पत्रा दबला नाही. आर्गन वेल्डिंग पण साफ आहे.

पण ढाळ! तळ सपाट पाटासारखा. अशा घडवलेल्या बाऊलला चारी कोपऱ्यांतून जाळीकडे हलकी घडी मारायची असते, ती यांनी मारलीच नाही. प्रत्येक वेळी मागच्या डाव्या कोपऱ्यात पाणी उरतं. किती? एकदा वैतागून स्पंजने टिपून हायड्रोमीटरच्या (बिअरची घनता, म्हणजे ग्रॅव्हिटी मोजायच्या) 250 मिलीच्या सिलिंडरमध्ये पिळलं, सिलिंडर भरून वर ओघळलं. ग्रॅव्हिटी पण मोजणार होतो, पार्टनरने हात धरला. हसू नका, त्या पाण्यात यीस्ट आणि माल्टचा चोथा असतो, जुलैच्या दमटपणात सकाळी शटर उघडलं की आंबट भपकारा. आणि आपण ज्या भांड्यात ब्रूइंगचं सामान निर्जंतुक करण्याआधी धुतो तिथेच जंतूंची शेती.

फॅब्रिकेटरला फोन केला तर म्हणाला, "साहेब, फडक्याने पुसून घ्यायचं." पुढच्या पायांचे बुलेट (उंची कमीजास्त करायचे स्क्रू) फिरवून सिंक तिरकं करून पाहिलं, तर पाणी मागच्या कोपऱ्यातून पुढच्या कोपऱ्यात आलं, बस. जाळी मध्यभागी आहे ना.

मध्ये एक प्रकरण झालं, त्यात चूक माझी होती तेही लिहितो. मे महिन्यात तळाला तपकिरी ठिपके दिसले. माझं डोकंच फिरलं, म्हटलं 304 सांगून 202 (स्वस्तातलं स्टील) चिकटवलं. मॅग्नेट लावलं तर वाकवलेल्या कडेला थोडं ओढलं, मग काय, फोनवर त्याची आई-बाई एक केली. नंतर कळलं की वाकवल्यावर 304 पण कडेला थोडं ओढतं, आणि 202 सुद्धा मॅग्नेटला चिकटत नाही, म्हणजे मॅग्नेटने काहीच कळत नाही. मग 9 व्होल्ट बॅटरीवालं टेस्टिंग लिक्विड आणलं, 202 असेल तर थेंब लाल होतो. झाला नाही. 304 च होतं.

मग ठिपके कुठून? आमचे मामा तारेच्या घासणीने सिंक घासत होते आणि वर हायपो (क्लोरीनवालं ब्लीच) ओतून ठेवत होते. लोखंडाचे कण पत्र्यात रुततात आणि गंजतात, हायपोतलं क्लोरीन स्टीलला खड्डे पाडतं. लिंबूसत्वाच्या गरम पाण्याने दोन वेळा चोळलं, ठिपके गेले. घासणी कचऱ्यात, हायपो फक्त बाथरूममध्ये. मामा अजून म्हणतात की तारेशिवाय साफ होतच नाही. फॅब्रिकेटरला सॉरी म्हटलं, त्याने फार मनावर घेतलं नाही.

(बोअरच्या पाण्याचे पांढरे डाग वेगळे, त्यात सिंकचा काय दोष.)

बाकी जाळीखालची दीड इंची कपलिंग चोथ्याने दोनदा तुंबली. चोथा नेणाऱ्या गोठेवाल्याच्या ड्रममध्ये तो आधी नीट झाडला तर तो त्रास नाही.

मग घ्यावं का? पैशाच्या हिशोबात हो, 11 हजार वाचले. पण उरलेलं पेमेंट द्यायच्या आधी त्याच्याच वर्कशॉपमध्ये बादलीभर पाणी ओता आणि खाली किती उरतं ते उभं राहून बघा. मी चहा पीत बसलो होतो.

परवा त्याचाच फोन आला, तिसरा बाऊल जोडायचा का, रेट कमी करून देतो. म्हटलं ये, पण येताना ढाळ बघायची लेव्हल बाटली घेऊन ये.