नापास झालात तर पैसे परत म्हणे!

सिक्युरिटी प्लस, म्हणजे कॉम्पटिया या संस्थेची सायबर सुरक्षेची परीक्षा, तिची तयारी करणाऱ्यांसाठी लिहितेय. टेलिग्रामवर एक पॅकेज फिरतंय: परीक्षेचं व्हाउचर (फी भरल्याचा कोड), ‘हुबेहूब येणारे’ प्रश्न, फ्लड अटॅकची (खोट्या डेटाचा मारा करून नेटवर्क कोलमडवणं) ‘लाइव्ह लॅब’, आणि नापास झालात तर सगळे पैसे परत. किंमत अधिकृत व्हाउचरच्या निम्म्याहूनही कमी. मी ते घेतलं. पैसे मागितले ते क्लासच्या खात्यावर नव्हे, कुणा एका माणसाच्या यूपीआयवर; जीएसटीची पावती ‘कोर्स संपल्यावर देतो मॅडम’. हिंजवडीत रात्रपाळी करून अभ्यास करणाऱ्यांना वेळ नसतो, हे या लोकांना पक्कं ठाऊक असतं.

आधी आली पीडीएफ. मुखपृष्ठावर ७०१ हा परीक्षेच्या नव्या आवृत्तीचा क्रमांक, आत सगळी जुनी ६०१, जी परीक्षा जुलै २०२४ मध्येच बंद झाली. ७०१ च्या अभ्यासक्रमात डीडॉसखाली (अनेक यंत्रांवरून एकदम मारा करून सेवा बंद पाडणं) ‘अँप्लिफाइड’ आणि ‘रिफ्लेक्टेड’ हे दोन प्रकार नाव घेऊन दिलेत. या शेकडो पानांत त्यांचा पत्ता नव्हता.

आणि उत्तरं? नेटवर्कचं काम रोज करते म्हणून खटकलं, नाहीतर पाठच केली असती. मॅक फ्लडिंगवर उपाय काय, तर ‘अँटिव्हायरस अद्ययावत ठेवा’! स्विच म्हणजे ऑफिसातली यंत्रं तारांनी जोडणारा डबा; कुठल्या पोर्टवर (तारेच्या खोबणीवर) कुठल्या यंत्राचा मॅक पत्ता आहे, ते तो एका टेबलमध्ये ठेवतो. या मॅक टेबलमध्ये खोटे पत्ते ओतून ते भरून टाकलं, की कुठली फ्रेम (डेटाचं पाकीट) कुठल्या पोर्टला द्यायची हे स्विचला कळेनासं होतं आणि तो ती सगळ्या पोर्टवर सोडतो. मग शेजारच्या पोर्टवर बसलेला दुसऱ्याचा डेटा वाचतो. यात अँटिव्हायरस काय करणार? इथे लागते पोर्ट सिक्युरिटी: एका पोर्टवर किती मॅक पत्ते चालतील याची मर्यादा घालायची, ओलांडली की पोर्ट बंद.

सिन फ्लडचं उत्तर जास्त धोकादायक होतं, कारण ते अर्धं बरोबर होतं: ‘बॅकलॉग वाढवा’, म्हणजे अर्धवट कनेक्शनांची रांग लांब करा. कनेक्शन सुरू करायची विनंती म्हणजे सिन, तिला सर्व्हरचं उत्तर सिन-अ‍ॅक, आणि त्या उत्तराची पोच म्हणजे अ‍ॅक. हल्लेखोर खोट्या पत्त्यांवरून सिन पाठवत राहतो, सर्व्हर प्रत्येकाला सिन-अ‍ॅक देऊन शेवटच्या अ‍ॅकची वाट बघत बसतो, आणि अर्धवट कनेक्शनांनी रांग भरते. रांग लांब केली तर ती भरायला थोडा जास्त वेळ लागेल, एवढंच. १९९६ च्या सप्टेंबरात न्यूयॉर्कची पॅनिक्स ही इंटरनेट सेवा अशाच माऱ्याने आडवी झाली होती, आणि त्याच महिन्यात डॅनियल बर्नस्टीन यांनी सिन कुकीज सुचवल्या. दुकानदाराने वहीत नाव लिहून ठेवण्याऐवजी गिऱ्हाइकाच्याच हातात सहीची चिठ्ठी द्यावी, तसं. सर्व्हर काहीच साठवत नाही. लागणारी माहिती उत्तरातल्या सिक्वेन्स नंबरमध्ये, म्हणजे डेटाचा क्रम सांगणाऱ्या आकड्यात, गुंफून पाठवतो, आणि खरा अ‍ॅक परत आला तरच जागा देतो. पीडीएफमध्ये सिन कुकीज हा पर्याय होता, पण चुकीचा म्हणून!

इथवर नुसते पैसे गेले असं म्हणता आलं असतं. ‘लाइव्ह लॅब’ निघाली एक वेबसाइट. रकान्यात आयपी (यंत्राचा इंटरनेटवरचा पत्ता) टाका, सेकंद निवडा, बटण दाबा. कुठला आयपी टाकायचा असं ग्रुपवर विचारलं तर ‘सर’ म्हणाले, ‘कुठलाही टाका मॅडम, चालतो.’ ऑफिसातल्या सीनियरला दाखवलं तर तो उडालाच. ‘अगं, ही लॅब नाही, भाड्याने हल्ला करून देणारी साइट आहे. हात लावू नकोस.’ एप्रिल २०१८ मध्ये युरोपातल्या पोलिसांनी वेबस्ट्रेसर नावाची अशीच साइट बंद पाडली होती. आपल्याकडेही दुसऱ्याचं नेटवर्क मुद्दाम ठप्प करणं माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ४३ आणि ६६ खाली येतं. तीन वर्षांपर्यंत कैद, पाच लाखांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. बटण दाबणारा विद्यार्थी अडकतो, विकणारा ग्रुप बदलून मोकळा.

शेवटी व्हाउचर. बुकिंग करताना कोड टाकला तर तो आधीच वापरलेला. पैसे परत मागितले, तर अट दाखवली: नापास झाल्याचं स्कोअरकार्ड पाठवा. आता व्हाउचरच खोटं, तर परीक्षेला बसायचं कसं आणि नापास व्हायचं कसं? डोकं मात्र मानलं पाहिजे. दोनदा हेच विचारल्यावर मला ग्रुपमधून काढलं.

असं कुणाचं झालं असेल तर आधी १९३० ला फोन करा. रक्कम पुढे सरकायच्या आत कळवलं तर ती गोठवली जाण्याची शक्यता असते. मग राष्ट्रीय सायबर क्राइम पोर्टलवर तक्रार. त्यात यूटीआर नंबर (पैसे पाठवल्याच्या व्यवहाराचा क्रमांक), चॅटचे स्क्रीनशॉट आणि समोरच्याचा यूपीआय आयडी द्या. ग्रुपमधून काढल्यावर जुने मेसेज दिसतीलच असं नाही, तेव्हा स्क्रीनशॉट पैसे भरतानाच काढून ठेवा. ग्राहक हेल्पलाइन १९१५ वेगळी. आणि पैसे देण्याआधी कॉम्पटियाच्या साइटवरून परीक्षेची उद्दिष्टं उतरवून घ्या. ती फुकट असतात; विकणाऱ्याचा नमुना त्यांच्याशी ताडून बघायला दहा मिनिटं पुरतात. ‘हुबेहूब प्रश्न’ खरे असले तरी ते वापरणं नियमाबाहेर आहे, मिळालेलं सर्टिफिकेटही रद्द होऊ शकतं.

माझी तक्रार नोंदवली गेलीय, पैसे आलेले नाहीत. सराव आता घरच्याच लॅपटॉपवर करते: दोन व्हर्च्युअल मशीन (लॅपटॉपच्या आतच चालणारे आभासी संगणक), बाहेरच्या जगाशी जोडणी तोडलेली. एकीवर लिनक्सच्या सिन कुकीज बंद करायच्या, दुसरीवरून एचपिंग या पाकिटं पाठवायच्या टूलने मारा करायचा, आणि अर्धवट कनेक्शनांची यादी कशी भरते ते बघायचं. मग कुकीज चालू करून पुन्हा. खर्च शून्य.