पिशवीत गाठ असताना बाळंतपण: साताऱ्यातल्या एका प्रसूतिगृहाचा अनुभव

गर्भपिशवीत फायब्रॉइडची, म्हणजे पिशवीच्या स्नायूची कॅन्सर नसलेली, गाठ आहे आणि दिवसही राहिलेत, अशा बायकांसाठी हे मुद्दाम लिहिते आहे. दवाखाना जुना आहे, बसायला बाकडी अपुरी, सोमवारी नंबर लागेपर्यंत दुपार होते. तरीही तपासणीला इथेच जा असं मी सांगेन.

माझी गाठ सहा सेंटिमीटरची निघाली. सासूबाई लगेच म्हणाल्या, "काढून टाका ना." डॉक्टर मॅडमनी कागदावर पिशवीचं चित्र काढलं. गाठ केवढी आहे याइतकंच ती कुठे आहे हेही बघायचं असतं. बाहेरच्या अंगाला असेल तर बाळाला सहसा त्रास नसतो. आत पोकळीत आलेली असेल किंवा वार (प्लॅसेंटा) नेमकी तिच्यावर असेल तर जास्त जपावं लागतं. पिशवीच्या तोंडाशी असेल तर बाळाची वाट अडते. माझी भिंतीत, वरच्या बाजूला होती. गरोदरपणी ती काढायला गेलं तर रक्तस्रावाचा धोका मोठा, म्हणून सहसा हात लावत नाहीत, हे सासूबाईंना त्यांनी न चिडता दोनदा सांगितलं. आधी एका ठिकाणी मला नुसतं "गाठ आहे" एवढंच लिहून दिलं होतं. इथे प्रत्येक सोनोग्राफीत गाठीचं माप, जागा आणि वारेपासूनचं अंतर नोंदवलं जायचं.

पाचव्या महिन्यात एका रात्री पोटात एकाच जागी भयंकर दुखायला लागलं, अंगही कोमट झालं. फोन सिस्टरनी लगेच उचलला, "निघाच" म्हणाल्या. आधी बाळाचे ठोके पाहिले, कळा सुरू झाल्या नाहीत ना ते तपासलं, लघवीची तपासणी केली. गाठीला रक्तपुरवठा कमी पडला की ती आतून खराब होते आणि अशी दुखते. सलाईन, विश्रांती आणि पॅरासिटामॉल, एवढ्यावर काही दिवसांत उतार पडला. घरून दिरांनी आयब्रुफेन ही दुखण्यावरची गोळी आणली होती, ती मॅडमनी परत पाठवली. विसाव्या आठवड्यानंतर या जातीच्या गोळ्यांनी बाळाच्या किडनीवर परिणाम होऊन गर्भजल कमी होऊ शकतं. घरातल्या डब्यातली गोळी परस्पर घेणाऱ्या प्रत्येकीला हे कळायलाच हवं.

बाळ शेवटपर्यंत पायाळूच राहिलं, म्हणून सिझर ठरलं. गाठीमुळे बाळंतपणानंतर पिशवी नीट आकुंचन पावत नाही आणि रक्त जास्त जाऊ शकतं, म्हणून हिमोग्लोबिन आधीच वाढवून घेतलं, रक्तपेढीत रक्त सांगून ठेवलं. "आता पोट उघडलंच आहे तर गाठही काढा," असं मी म्हणाले होते. माझी गाठ भिंतीत खोल होती, त्यामुळे त्यांनी स्पष्ट नकार दिला, आणि तो मला पटला. बाळंतपणानंतर पुष्कळ गाठी आपोआप आकसतात. माझीही आकसली आहे.

जाताना जुने सगळे रिपोर्ट न्या, आणि शक्यतो सोमवार टाळा.